शिवभोजन थाळी की रेशनचं धान्य?
रेशनवर प्राधान्य कुटुंबाला (म्हणजे कमी उत्पन्नाच्या रेशनकार्डवाल्यांना) माणशी महिन्याला ५ किलो धान्य, जानेवारी २०२३ पासून फुकट. पण गहू-तांदूळ म्हणजे जेवण नव्हे. डाळ, तेल, गॅस, दळणाचे पैसे आपलेच. भाजीसाठी नाशिकच्या गोदाघाटावरचा बुधवारचा बाजार गाठावा, तर सातपूर-अंबडच्या कारखान्यातला कामगार तेव्हा ड्युटीवर.

२६ जानेवारी २०२० ला सुरू झालेल्या शिवभोजनात १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण, भात. भाजी १०० ग्रॅमच, तरी शिजलेली, ताटात आयती! नाक्यावर काम शोधणाऱ्या एकट्या गड्याला दुपारी थाळीच बरी. रात्रीचं मात्र त्याचं त्यानंच बघायचं.

घरात पोरंबाळं असतील तर रेशन आधी; वाचलेल्या पैशात मूगडाळ आणि मेथीची जुडी आणावी.