फिनिक्सच्या कडेला घर घेताय? रॅटलस्नेकसाठी पैसे कुठे घालायचे

मार्च लागला की आमच्या ओळखीत कुणी ना कुणी नव्या घरात राहायला जातं आणि महिन्याभरात फोन येतो, "अगं, पोर्चमध्ये साप होता. जाळी मारून घेऊ का?" फिनिक्सचं उपनगर असलेल्या चँडलरच्या मधोमध, चारी बाजूंनी घरंच घरं असलेल्या वस्तीत राहणाऱ्यांवर ही वेळ सहसा येत नाही. येते ती नॉर्थ स्कॉट्सडेल, केव्ह क्रीक, फाउंटन हिल्स किंवा तिकडे तुसानमध्ये डोंगराच्या पायथ्याला घर घेतलेल्यांवर. 'मागे शेजार नाही' हेच त्या घरांचं मोठं आकर्षण असतं. शेजार असतो, त्याला पाय नसतात इतकंच.

विचारणाऱ्यासमोर साधारण चार पर्याय असतात: जाळी, बागेची आवराआवर, फोन केल्यावर येऊन साप नेणारा माणूस, आणि दुकानातली पावडर. माझं उत्तर सगळ्यांना सारखं नसतं, कारण ते घराच्या कुंपणावर ठरतं. म्हणून आधी मागे जाऊन कुंपण बघा, मग पाकीट काढा.

आधी पाहुण्याची ओळख

अ‍ॅरिझोनात रॅटलस्नेकच्या, म्हणजे शेपटी वाजवणाऱ्या विषारी सापाच्या, 13 जाती आहेत. अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यात इतक्या नाहीत. पण अंगणात निघतो तो बहुतेक वेळा वेस्टर्न डायमंडबॅक: अंगावर मळकट चौकटी, शेपटीवर ठळक काळे-पांढरे पट्टे. आपल्या घोणशीच्या कुळातला, तिच्यासारखाच जाडजूड आणि बसल्या जागी भक्ष्याची वाट बघणारा. शेपटीला खुळखुळा म्हणतात खरा, पण आवाज खुळखुळ्यासारखा अजिबात नसतो. तापल्या तेलात ओला कढीपत्ता टाकल्यावर जो चर्रर्र होतो, तो न थांबता चालूच राहिला तर कसा वाटेल, तसा. आणि तो दर वेळी वाजवेलच असंही नाही. कित्येकदा तो मुकाट पडून राहतो, आपण शेजारून निघून जातो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑक्टोबरात तो दिवसाही दिसतो. जूनच्या भट्टीत दिवसभर सावली धरून बसतो आणि रात्री हिंडतो. थंडीत दगडांच्या कपारीत. हा साप अंडी घालत नाही, जिवंत पिल्लं होतात, आणि ती बहुतेक जुलै ते सप्टेंबरात, म्हणजे इथल्या मॉन्सूनमध्ये. (हवामान खातं इथला मॉन्सून 15 जून ते 30 सप्टेंबर धरतं. पाऊस किती पडतो ते विचारू नका.) पिल्लू वीतभर किंवा थोडं जास्त लांब असतं आणि विष जन्मापासून घेऊनच येतं. कुंपणाचा सगळा हिशोब या वीतभर पिल्लावर करायचा असतो, त्याच्या चार फुटी आईवर नाही.

जाळी: भिंत कुठली आहे त्यावर

इथल्या घरांना मागे दोन प्रकारची कुंपणं असतात. एक म्हणजे काँक्रीटच्या ब्लॉकची सहा फुटी सलग भिंत. रॅटलस्नेक चढण्यात ढ आहे, सरळ गुळगुळीत भिंत त्याला जमत नाही. तुमच्याकडे अशी भिंत असेल तर हजारो डॉलरची जाळी कशासाठी? तो येणार तो बाजूच्या फाटकाखालून, नाहीतर पाणी बाहेर जायला भिंतीच्या तळाशी ठेवलेल्या भोकांतून. साधी शिसपेन्सिल घ्या आणि फाटकाखाली आडवी सरकवून बघा. सरकली तर फट जास्त आहे. सुरक्षित फट पाव इंचाच्या आत धरतात आणि पेन्सिलची जाडी साधारण तेवढीच. फाटकाला खालून रबराची किंवा ब्रशची पट्टी, भोकांना बारीक जाळी. शनिवारच्या एका सकाळचं काम आहे, हार्डवेअरच्या दुकानातलं काही डझन डॉलरचं सामान.

बिजागराकडची बाजू मात्र विसरू नका. पट्टी फाटकाच्या रुंदीएवढी कापतात आणि खांबाजवळ दोन बोटं जागा तशीच राहते. मी बघितलेल्या बहुतेक 'सापबंद' फाटकांची गोम तिथेच होती.

दुसरा प्रकार म्हणजे व्ह्यू फेन्स, लोखंडी गजांचं कुंपण. कोरड्या ओढ्याला, म्हणजे इथल्या भाषेत वॉशला, लागून असलेल्या घरांना हेच असतं, आणि महाग घरांना तर हमखास, कारण डोंगर दिसला पाहिजे. सापाच्या दृष्टीने ते कुंपणच नाही. इथे जाळीला पर्याय नाही. जाळी म्हणजे पाव इंची चौकोनांची वेल्ड केलेली धातूची जाळी, दुकानात 'हार्डवेअर क्लॉथ' म्हणून मिळते. जमिनीवर तीन फूट उंची आणि खालची कड काही इंच मातीत पुरलेली. अर्धा इंची जाळी स्वस्त पडते, पण तिच्यातून पिल्लू जातं, म्हणजे पैसे जाऊन धोका तसाच. पक्ष्यांसाठी मिळणारी प्लॅस्टिकची लवचीक जाळी तर कधीच लावू नका. तिच्यात साप गुरफटून अडकतो आणि जिवंत, चिडलेला साप सोडवायचं काम तुमच्या गळ्यात पडतं.

व्यावसायिकाकडून अख्खं अंगण करून घेतलं तर खर्च सहज हजारोंत जातो. स्वतः केलं तर त्याचा काही भागच, पण पाठ भरून येते, कारण इथली जमीन म्हणजे कॅलिची, चुनखडीचा सिमेंटसारखा थर. कुदळ उडते. एचओएची, म्हणजे वस्तीतल्या घरमालकांच्या संघटनेची, लेखी परवानगी आधी घ्या. काही ठिकाणी जाळीचा रंगसुद्धा कुंपणाशी जुळलेला लागतो.

जाळीची एक अडचण विकणारा सांगत नाही. ती लावून विसरून जायची गोष्ट नाही. मॉन्सूनचे दोन जोरदार पाऊस झाले की खालची माती वाहून जाते आणि पुरलेली कड उघडी पडते. बाहेरून झुडूप वाढून जाळीला टेकलं की ती सापाला शिडी. आणि लावण्याआधी अंगण नीट तपासलं नाही तर आत असलेला साप आतच कोंडला जातो. सप्टेंबरात एक फेरी मारायची तयारी नसेल तर जाळीवर खर्च करू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

बाग: फुकटचा आणि दुर्लक्षित उपाय

साप तुमच्यासाठी येत नाही. तो उंदरासाठी, सावलीसाठी आणि ओलाव्यासाठी येतो, आणि आपण हे तिन्ही हौसेने पुरवतो. पॅकरॅट हा इथला रानउंदीर निवडुंगाच्या काटेरी फोडी, काटक्या, शेण, हाताला लागेल ते गोळा करून कमरेएवढा ढीग रचतो. त्या ढिगात नंतर साप मुक्कामाला असणं हे नवल नाही. पक्ष्यांना दाणे टांगले की खाली सांडलेल्या दाण्यांवर उंदीर, उंदरावर साप. संत्री-लिंबांची गळालेली फळं पडू दिली तरी तेच.

मग झाडं. रोझमेरी आणि लँटाना या दोन झुडपांचा मला कंटाळा आलाय. दिसायला छान, पण जमिनीला टेकून पसरतात आणि खाली काय आहे ते दिसत नाही. काढायची नसतील तर खालून हातभर छाटा, खोड आणि माती दिसली पाहिजे. ठिबकची नळी गळत असेल तर जूनमध्ये अख्ख्या गल्लीतली गार, ओली जागा तुमच्याच दारात असते. कुंड्या जमिनीवर न ठेवता स्टँडवर ठेवा. आपल्या लोकांच्या पोर्चमध्ये कढीपत्ता, तुळस, मोगऱ्याच्या कुंड्यांची दाटी असते आणि त्यांच्या मागची सावलीची, ओलसर चिंचोळी पट्टी सापाला अगदी पसंत पडते. पोहण्याच्या तलावाच्या पंपाभोवती ढीग करून ठेवलेल्या सामानाचंही तेच.

जाळी आणि बाग यांतून एकच निवड म्हटलं तर ब्लॉकच्या भिंतीच्या घराला मी डोळे मिटून बाग सांगेन. गजांच्या कुंपणाच्या घराला दोन्ही. नुसत्या बागेने साप यायचा थांबत नाही, ये-जा करणारा येईलच. पण तो वाटसरू असतो, मुक्कामी नसतो, आणि हा फरक मोठा आहे.

फोन करून बोलावणं

महाराष्ट्रात सर्पमित्राला फोन केला की तो बहुधा येतो आणि पैसे घेतच नाही, किंवा पेट्रोलपुरते घेतो. इथे हा व्यवसाय आहे. एका फेरीचे साधारण शंभर ते दोनशे डॉलर धरून चाला. तुसानच्या उत्तरेकडच्या काही भागांत अग्निशमन दलाकडून ही सेवा मिळते. घर ताब्यात घेतानाच आपल्या भागात काय सोय आहे ते विचारून नंबर फ्रिजवर लावून ठेवा. साप समोर असताना गूगल करत बसणं म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणं. नेणारा माणूस येईपर्यंत सापावर नजर ठेवायची, पण लांबून, निदान आठ-दहा फुटांवरून. माणूस पोचेपर्यंत साप दिसेनासा झाला तर शोधाशोध वाया जाते.

बोलावताना एक प्रश्न विचारा: "कुठे सोडता?" "लांब, डोंगरात" असं उत्तर ऐकायला बरं वाटतं, पण ते चुकीचं आहे. रॅटलस्नेकचा ठरलेला टापू असतो, त्याला कपारी, वाटा, पाणी माहीत असतं. मॉन्टेझुमा कॅसल या राष्ट्रीय स्मारकात सापांच्या अंगात रेडिओ बसवून अभ्यास झाला होता. त्यात लांब सोडलेले साप जास्त भटकले आणि काही तर परत आले. जवळच्याच मोकळ्या जागी सोडणारा माणूस चांगला.

नेलेला साप म्हणजे साप संपला असं नाही. ज्या वाटेने तो आला ती वाट उघडीच आहे. म्हणून फोन हा जाळीला किंवा बागेला पर्याय नाही, त्यांच्या जोडीचा आहे. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मात्र फोन, फाटकाची पट्टी आणि टॉर्च एवढं पुरतं. मालकाच्या भिंतीवर तुमचे हजार डॉलर का घालायचे?

पावडर आणि फावडं

पावडरीवर फार शाई खर्च करत नाही. नॅफ्थलीन आणि गंधकाच्या मिश्रणाला साप जुमानत नाहीत हे चाचण्यांतून दिसलेलं आहे. डांबरगोळ्या बाहेर टाकणं तर नियमाविरुद्ध, आणि लहान मुलांना व कुत्र्याला विषारी. जमिनीत खुपसायच्या कंप पावणाऱ्या काठ्या त्याच रांगेतल्या.

फावडं घेऊन धावणारेही भेटतात. साप आपल्या लांबीच्या निम्म्यापर्यंत झेप घेतो आणि फावड्याचा दांडा फार लांब नसतो. तोडलेलं डोकंसुद्धा बराच वेळ चावू शकतं. बंदूक तर शहरात विषयच नाही. 1999 मध्ये फिनिक्समध्ये हवेत झाडलेल्या गोळीने एका चौदा वर्षांच्या मुलीचा जीव गेला, त्यानंतर शहराच्या हद्दीत गोळी झाडणं हा गंभीर गुन्हा ठरवणारा कायदा झाला. शिवाय मारला जातो तो कित्येकदा रॅटलस्नेक नसतोच. गोफर स्नेक हा बिनविषारी, उंदीर खाणारा, म्हणजे धामणीच्या कामाचा साप. घाबरला की डोकं चपटं करतो, फुत्कारतो, पाचोळ्यात शेपटी थरथरवतो आणि या नाटकापायी जिवाला मुकतो.

कुत्रा असेल तर

शंभर डॉलरच्या आसपास सापाचा वास आणि आवाज टाळायला शिकवणारा वर्ग मिळतो. गळ्यातल्या पट्ट्यातून हलका विजेचा झटका देऊन शिकवतात. काहींना ते पटत नाही, पण पिसाटासारखं नाक खुपसणाऱ्या कुत्र्यासाठी मी ते लशीच्या आधी ठेवेन. लशीने दंश झालेल्या कुत्र्याला नक्की फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही.

चावलाच तर

सीडीसी या अमेरिकी सरकारी आरोग्य संस्थेच्या आकड्यांनुसार अमेरिकेत वर्षाला 7,000 ते 8,000 जणांना विषारी साप चावतात आणि साधारण 5 दगावतात. इतके कमी दगावतात ते प्रतिविष वेळेवर मिळतं म्हणून. क्रोफॅब आणि अ‍ॅनाव्हिप ही इथली दोन औषधं, एक मेंढीपासून, दुसरं घोड्यापासून केलेलं. आपलं नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चौघांसाठीचं प्रतिविष इथे कामाचं नाही. लाख डॉलरच्या वर गेलेल्या बिलांच्या बातम्या पुष्कळ आल्या आहेत, त्यामुळे विमा हाही या तुलनेतलाच खर्च समजा. भारतातून येणाऱ्या आईबाबांचा प्रवासी विमा स्वस्तातला घेताना त्याची कमाल मर्यादा वाचा.

आणि त्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. आपल्या पिढ्यांनी शाळेत शिकलेली, दंशाच्या वर घट्ट पट्टी आवळायची रीत इथे नको. हे विष मांस कुजवतं, आवळल्याने ते एकाच जागी साचून नुकसान वाढतं. काप नको, चोखणं नको, बर्फ नको. अंगठ्या-बांगड्या उतरवायच्या आणि 911 या आणीबाणीच्या नंबरला फोन. पॉयझन कंट्रोल या विषबाधेच्या मदतवाहिनीचा 1-800-222-1222 हा नंबर दिवसरात्र चालू असतो.

आईबाबा उन्हाळ्यात येतात, ऊन टाळायला पहाटे किंवा दिवेलागणीला बागेत उतरतात, पायात स्लिपर, हातात पाण्याची झारी. जूनमध्ये सापाचीही फिरायची वेळ तीच. त्यांच्यासाठी दाराशी बंद बूट आणि टॉर्च ठेवा, आणि ते यायच्या आधी फाटकाखाली पेन्सिल सरकवून बघा.