कोल्हापूरच्या राजारामपुरीतली लॅब: लिव्हरच्या तपासणीसाठी कशी आहे?

रक्त घेणारा हात हलका. दंडाची पट्टी मिनिटाच्या आत सोडतात, नळी हिसडत नाहीत. हे महत्त्वाचं, कारण तांबड्या पेशी फुटल्या की एसजीओटी (लिव्हरच्या तपासणीत मोजतात ते एक एन्झाइम) खोटीच वाढलेली दिसते.

उणीव रिपोर्टमध्ये आहे. एसजीओटीची मर्यादा ४०, आकडा ५८, शेजारी ठळक बाण, आणि तो व्हॉट्सॲपवर येतो रात्री साडेदहाला. घरातल्यांची झोप उडणारच! काउंटरवर कुणी विचारत नाही, आदल्या दिवशी तालमीत जोर-बैठका मारल्या का? स्नायूंतूनही एसजीओटी आणि थोडी एसजीपीटी (तिच्या जोडीने मोजतात ते दुसरं एन्झाइम) रक्तात उतरते. त्याच नमुन्यावर सीपीके, म्हणजे स्नायूंतल्या एन्झाइमची तपासणी, करायला सांगा, किंवा डॉक्टरांना विचारून आठवडाभर मेहनत थांबवून पुन्हा तपासा. डोळे पिवळे किंवा लघवी गडद असेल तर मात्र थांबू नका, त्याच दिवशी दाखवा.