गोबरा परत तळाला पोचवणारा चिमटा: पैसे वसूल होतात का?

अमेरिकेतल्या फ्लोरिडा कीज बेटांच्या अटलांटिक बाजूला, फेडरल हद्दीत गोबरा-तांबोशीच्या कुळातल्या माशांवर गळ टाकायचा असेल, तर जुलै 2020 पासून होडीवर ‘डिसेंडिंग डिव्हाइस’, म्हणजे सोडलेला मासा परत खोल नेणारं साधन, जोडून तयार ठेवावं लागतं. तिथल्या प्रवाळावरचे हे मोठे शिकारी. उथळ पाण्यातल्या गोबऱ्यांची मासेमारी जानेवारी ते एप्रिल बंद, गॅग आणि ब्लॅक या जातींचा गोबरा 24 इंचांखाली ठेवायचा नाही, आणि लाल स्नॅपरचा (तांबोशीचा) तिथला हंगाम 2024 मध्ये एका दिवसाचा होता. गळाला यातलं काहीच कळत नाही, तो वर्षभर लागतो. म्हणजे पकडून सोडलेले मासे पुष्कळ, आणि सोडलेला मासा जगतोच असं नाही.

कारण बोत, म्हणजे माशाच्या पोटातली हवेची पिशवी. पालघरकडे घोळीचं जे महागड्या भावानं जातं, तेच. 30 मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो. मासा झटपट वर आला की बोतातला वायू चौपट फुगतो, आणि या जातींना तो तोंडावाटे सोडता येत नाही. डोळे बाहेर येतात, जठर उलटं होऊन तोंडातून डोकावतं, मासा पोट वर करून तरंगत राहतो. पुढचं काम पक्षी किंवा शार्क करतात.

बाजारात गाजलेला प्रकार म्हणजे दाबावर उघडणारा चिमटा. त्यात सीक्वलायझरचं नाव सर्वांत आधी येतं. माशाचा खालचा जबडा चिमट्यात धरायचा, खाली शिसं, वर दोरी. नेहमीच्या मॉडेलवर 50, 100 आणि 150 फूट अशा तीन खुणा. ठरल्या खोलीचा दाब आला की जबडा आपोआप सुटतो. प्रवाहात दोरी तिरकी जाते, त्यामुळे सोडलेल्या दोरीवरून खोली ओळखणं फसवं. हा चिमटा मात्र दाब मोजतो, दोरी नाही. खरा फायदा हाच. चूक होते ती खूण लावण्यात. तळ 90 फुटांवर आणि खूण 100 वर असेल तर चिमटा उघडणारच नाही, मासा लटकलेलाच वर येतो. अशा वेळी 50 लावावं.

पण निकाल ठरतो शिशावर, आणि नेमका तिथेच लोक हात आखडता घेतात. नियमात किमान 16 औंस, म्हणजे साधारण 450 ग्रॅम, आणि 60 फूट दोरी आहे. आता हिशेब करा. समुद्री माशाचं बोत शरीराच्या साधारण 5 टक्के. 5 किलोच्या गोबऱ्याचं तळाशी पाव लिटर, 30 मीटरवरून वर आल्यावर एक लिटरच्या घरात. म्हणजे पाऊण किलोची जादा उचल, आणि 450 ग्रॅम शिसं पाण्यात भरतं जेमतेम 410. कायदा पाळला जातो, मासा तरंगतच राहतो! दोन पौंडांत तो कसाबसा बुडेल. तीन पौंड लावले तर सुखानं जातो. जोर लागतो तो पहिल्या 10 मीटरांत, कारण तिथे वायू निम्मा होतो. पुढे काम सोपं.

चिमटा महाग वाटला तर काटा काढलेला मोठा गळ उलटा बांधून, खाली शिसं लावूनही काम होतं: गळानंच पडलेल्या भोकात अडकवायचा, तळाशी नेऊन झटका द्यायचा. नाजूक ओठाच्या स्नॅपरला झटका जपून. लहान मासे एकदम बरेच आले तर दुधाचा प्लॅस्टिक क्रेट पालथा, कडेला शिसं आणि वर दोरी. दिसायला ओबडधोबड, पण मासे वरच्या जाळीला टेकून खाली जातात आणि भानावर आले की स्वतः खालून निघतात.

टोचून बोतातला वायू सोडणारी पोकळ सुई हा शेवटचा पर्याय. 16 गेजची, कल्ल्यामागच्या पराच्या बुडापासून एक-दोन इंच मागे, खवल्याखालून 45 अंशांत. तोंडातून आलेला गोळा जठर आहे, बोत नव्हे; त्याला टोचू नये. सुरी तर नकोच, ती पोकळ नसते.

चिमट्यासाठी वेगळी काठी आणि रीळ आधीच जोडून ठेवा. मासा फळीवर तडफडत असताना गाठी मारत बसलात तर सगळा खर्च फुकट. घरी आल्यावर गोड्या पाण्यात खळखळून धुवा. स्प्रिंगमध्ये मीठ धरलं की जबडा अडतो.

मालवणात याला गिऱ्हाईक मिळणं कठीण. गळाला लागलेला गोबरा तिथे थेट सुरीखाली जातो. कीजमध्ये होडी असलेल्यांनी मात्र घ्यावा, आणि त्याच पावतीवर तीन पौंडांचं शिसंही. गोलायथ गोबऱ्याची गोष्ट वेगळी. तो शेकडो पौंडांचा. त्याला पाण्याबाहेर ओढू नये, बाजूला घेऊन गळ काढावा, नाहीतर दोरी तोंडाशी कापावी.