मंडपातली प्रश्नावली की वर्षानुवर्षं तीच घरं?

पर्यटकांच्या सवयींवर प्रबंध लिहिणारी कोल्हापूरची एक विद्यार्थिनी पेचात आहे. अंबाबाईच्या देवळाजवळच्या भवानी मंडपात प्रश्नावली घेऊन उभं राहायचं, की त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाणाऱ्या दीर्घकालीन सर्वेक्षणाची आकडेवारी घ्यायची?

खर्च आणि दगदग मंडपात जास्त, पण माहिती ताजी. ओटी, पार्किंग, मिसळ, चप्पल यांवर किती गेले हे माणूस तिथल्या तिथे सांगतो. वर्षभरानं घरी विचारलं तर अंदाजच मिळतो.

मात्र मंडपात भेटतो तो आलेलाच माणूस. न आलेल्याचं काय? इथे घरांचं सर्वेक्षण फार पुढे जातं. मूल झालं, नोकरी गेली, निवृत्ती आली, की त्याच घराचा प्रवास कसा बदलतो ते दिसतं. जर्मनीत १९८४ पासून अशी पाहणी सुरू आहे. आपल्याकडे आयएचडीएसने (भारत मानव विकास सर्वेक्षण) २००४-०५ मधल्या बहुतेक कुटुंबांना २०११-१२ मध्ये पुन्हा गाठलं. एनएसएसची (राष्ट्रीय नमुना सर्वेक्षण) २०१४-१५ ची पर्यटन फेरी यात धरू नये, ती घरं एकदाच विचारलेली.

दोष दोन: घर बदलणारी कुटुंबं यादीतून गळतात, आणि देशभराच्या नमुन्यात कोल्हापूरला आलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच सापडतात.

म्हणून पार्किंग, भक्तनिवास, गर्दी असा शहराचा प्रश्न असेल तर मंडप गाठावा. लोक प्रवास कधी सुरू करतात, कधी सोडतात, हे शोधायचं असेल तर घरांची आकडेवारीच घ्यावी.