वारज्यातलं स्कॉलरशिप फॉर्म भरून देणारं दुकान, बारावीवाल्यांनी निकालाआधीच जाऊन या

वारज्यात भाजी मंडईजवळच्या गल्लीत झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं एक छोटंसं दुकान आहे, काका आणि त्यांची सून दोघं मिळून चालवतात, आणि बारावीनंतर स्कॉलरशिप शोधतोय अशा प्रत्येकाने तिथे जावं असं मी अगदी मनापासून सांगते. फॉर्म भरून देणारे पुण्यात गल्लोगल्ली आहेत, पण फॉर्मला हात लावायच्या आधी दहा प्रश्न विचारणारे मी हेच पाहिले. कोर्स कुठला, ट्यूशन फी किती, घरचं उत्पन्न किती, कॅपमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) अ‍ॅडमिशन घेतली का, आधी कुठली स्कॉलरशिप चालू आहे का...

ते का विचारतात ते माझ्याच केसमध्ये कळलं. मी बीएस्सीला, फी मुळातच थोडी. काकांनी मला महाडीबीटीच्या (राज्य सरकारचं स्कॉलरशिपचं पोर्टल) आधी केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवरची सेंट्रल सेक्टर स्कीम दाखवली. बोर्डात आपल्या शाखेत 80 पर्सेंटाइलच्या वर असलात (टक्के नाही हं, पर्सेंटाइल, म्हणजे 80 टक्के मुलांच्या पुढे) आणि उत्पन्न साडेचार लाखांच्या आत असेल तर डिग्रीला वर्षाला 12,000 मिळतात. पण दुसरी स्कॉलरशिप किंवा फी माफी घेत असाल तर ही चालत नाही, म्हणजे आधीच हिशोब करून ठरवायचं. माझ्यासोबतचा मित्र इंजिनिअरिंगला, खुल्या गटातला, त्याला त्यांनी बरोबर उलटं सांगितलं, तू राजर्षी शाहू महाराज योजना घे, उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, निम्मी ट्यूशन फी सुटते, तुझ्या फीपुढे 12,000 काहीच नाहीत. एका काकूंना सांगत होते की तुमची मुलगी ओबीसीतून कॅपने लागलीये आणि उत्पन्न 8 लाखांच्या आत असेल तर 2024-25 पासून प्रोफेशनल कोर्सला मुलींची ट्यूशन आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, निम्मी भरायला जाऊ नका. हे सगळं कॉलेजच्या काउंटरवर एवढ्या गर्दीत कोण समजावून सांगतं?

दुसरी गोष्ट बँकेची. खातं आधारला लिंक आहे एवढ्यावर ते थांबतच नाहीत, आधारच्या साइटवर जाऊन डीबीटीसाठी (सरकारी पैसे थेट खात्यात येण्यासाठी) नेमकं कुठल्या बँकेतलं खातं सीड म्हणजे जोडलेलं आहे ते आपल्यासमोर बघतात, कारण पैसे तिथेच जातात, फॉर्ममध्ये काहीही लिहा. माझं शाळेत असताना उघडलेलं खातं निघालं, कधीचं बंद पडलेलं! आधी बँकेत जाऊन ये म्हणाले, फॉर्म नंतर. नावाचंही तसंच, मार्कशीटवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी, शिवाय स्पेलिंग वेगळं, हे सगळं ते बारकाईने जुळवून बघतात.

आणि सगळ्यात आवडलेलं म्हणजे मोबाईल नंबर आपला, पासवर्ड आपण टाकायचा, तेव्हा ते स्क्रीनकडे बघतही नाहीत. माझ्या मैत्रिणीचा फॉर्म दुसऱ्या एका सेंटरने स्वतःचा नंबर टाकून भरला, कॉलेजने तो दुरुस्तीला परत पाठवला तरी तिला मेसेजच नाही, तारीख निघून गेली. एका मुलीचं अख्खं वर्षाचं पैशाचं गणित बिघडलं, याची कुणाला फिकीरच नाही. म्हणून सेंटर कुठलंही असो, नंबर आपलाच द्या.

कमी काय? प्रायव्हेट ट्रस्टचं ते काही बघत नाहीत. आपल्या पुण्यातच लीला पूनावाला फाउंडेशन आहे, गरजू हुशार मुलींसाठी, त्याचा अर्ज आणि इंटरव्ह्यूची तयारी तुमची तुम्हालाच करावी लागेल. सायन्सवाल्यांची केंद्र सरकारची इन्स्पायर स्कॉलरशिप पण मला तिथे कुणी सांगितली नाही, बोर्डात टॉप 1 टक्क्यात असाल आणि मूळ विज्ञानाला (फिजिक्स, केमिस्ट्रीसारख्या विषयांना) गेलात तर वर्षाला 80,000 ची आहे ती, हे त्यांना माहीत असायला हवं होतं. म्हणून अर्धा स्टार कमी, साडेचार देते. पैसे फॉर्ममागे 100 घेतात, पण सरकारी पोर्टलवर अर्जाला फी नसते हे स्वतःहून सांगतात, ज्याला घरी जमतंय त्याने घरी भरा म्हणतात.

जाताना ओरिजिनल कागद आणि ओटीपी येणारा मोबाईल न्या, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला एप्रिल-मे मध्येच काढायला टाका, निकालानंतर सगळं पुणे त्याच रांगेत असतं. संध्याकाळी सहानंतर पोर्टल फार हळू चालतं, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या गेलात तर काका निवांत बोलतात.