पंचवीस मिनिटांचा टायमर की आखलेले तास?

रत्नागिरीतल्या एका पतसंस्थेत नुकतीच लागलेली भाची विचारते, "मामा, कामाला शिस्त लागायला टायमर लावू की दिवसाचे तास आखून घेऊ?"

खर्चाचा प्रश्नच नाही. टायमर मोबाइलमध्ये असतो, तास वहीच्या पानावर मावतात.

खरा फरक व्यत्ययाचा. टायमरची पद्धत फ्रान्चेस्को चिरिल्लोने १९८० च्या दशकात, विद्यार्थी असताना काढली: २५ मिनिटं एकच काम, मग ५ मिनिटं विश्रांती. एकट्याच्या अभ्यासाला उत्तम. पण पासबुक घेऊन आलेल्या आजींना "अजून अकरा मिनिटं थांबा" असं कोण सांगणार? आखलेला तास जास्त सोसतो. सकाळी फक्त खातेदार, जेवणानंतर नोंदी. मध्येच कुणी आलं तर टायमरसारखं पुन्हा शून्यापासून सुरू करावं लागत नाही. आंब्याच्या दिवसांत मात्र हेही कोलमडतं. एप्रिल-मेची आखणी वेगळीच हवी.

टिकण्याचं म्हणाल, तर लंडनमधल्या २०१० च्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला साधारण ६६ दिवस लागले, कुणाला १८ तर कुणाला २५० च्याही वर. एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडलं नाही. त्या सवयी 'न्याहारीनंतर' अशा रोजच्या प्रसंगाला बांधलेल्या होत्या. इथेही आखलेले तासच सरस.

घरून कोडिंग किंवा परीक्षेची तयारी करणाऱ्याने टायमर लावावा. काउंटर आणि फोन सांभाळणाऱ्याने तास आखावेत. भाचीनेही तेच करावं. तुंबलेल्या नोंदींपुरता, शटर खाली आल्यावर, टायमर चालेल.