जुना जपानी मिनी ट्रक घेताय? आधी टेप लावून लांबी मोजा

अमेरिकेत कुणी जपानी केई ट्रक (जपानच्या लांबी-रुंदी-इंजिनच्या मर्यादेत बसणारा छोटा ट्रक) घ्यायच्या विचारात असेल तर पूर्ण वाचा, आमचे साडेसात हजार डॉलर अडकलेत आणि विकणारा आता फोन उचलत नाही.

आम्ही टेक्सासमध्ये. शेतावर चारा, खत, पाण्याच्या टाक्या न्यायला याच्यासारखी गाडी नाही, ६६० सीसी इंजिन, ३५० किलो माल, तिन्ही बाजूचे फाळके खाली पडतात, फोर व्हील ड्राइव्ह असेल तर चिखलातूनही निघते. आपली मारुती व्हॅनही सुझुकी कॅरीवरूनच आलेली, त्यामुळे कॅरी आम्हाला घरचीच वाटायची.

विकणारा म्हणाला, एप्रिल १९९८ ची कॅरी आहे. इथे वर्षालाच सगळी किंमत, कारण बनून २५ वर्षं झालेली गाडीच सेफ्टीच्या नियमांतून सुटते. त्याने जपानी एक्स्पोर्ट सर्टिफिकेट दिलं, सोबत इंग्लिश भाषांतर, त्यात स्वच्छ १९९८. काउंटी ऑफिसात टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, करायला गेलो तर कस्टमचे कागद मागितले, ते काही त्याने दिलेच नव्हते. मग जपानी येणाऱ्या एका ओळखीच्या बाईंना मूळ सर्टिफिकेट दाखवलं, त्यावर हेइसेइ १५, हेइसेइ ही जपानी सम्राटाच्या कारकिर्दीवरची कालगणना. हेइसेइच्या आकड्यात १९८८ मिळवायचे, म्हणजे २००३!! भाषांतर सरळसरळ खोटं. नंतर कळलं की ही गाडी शेतीची ऑफ-रोड म्हणून आणलेली, ताशी २५ मैलांच्या वर जाऊ न देणारा लिमिटर लावून, आणि त्याने तो काढून रस्त्यावर चालणारी म्हणून आम्हाला विकली.

केईचे नियम जपानने १९४९ पासून वाढवत नेलेत, आणि ऑक्टोबर १९९८ ला लांबीची मर्यादा ३.३ मीटरवरून ३.४ झाली, रुंदीची १.४ वरून १.४८. म्हणजे एप्रिल १९९८ चा केई ट्रक ३.३ मीटरपेक्षा लांब असूच शकत नाही. आमचा ३.३९ भरला. चेसिस नंबरही डीए६३टीने सुरू होतो, ते मॉडेल २००२ पासूनचं, १९९८ च्या फोर व्हील कॅरीचा डीडी५१टी असतो.

राज्याच्या ग्राहक तक्रार विभागात अर्ज दिलाय, वकिलाशीही बोलणं चालू आहे. ट्रक सध्या कुंपणाच्या आतच चालतो. तुम्ही घेणार असाल तर मूळ जपानी कागद, कस्टमचे कागद आणि चेसिस नंबरचा फोटो पैसे देण्याआधी मागा, भाषांतर दुसऱ्याकडून करून घ्या, आणि कुणी टायटल नंतर पाठवतो म्हणालं तर तिथूनच परत फिरा.